तरसाचं मागचं दार

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असे. म्हणून तिथं आजारी पडायलाही अक्कल लागे. पाय मोडला तर दाखवायचा. मन मोडलं तर झाकायचं.

तिथं चांगुणा नावाची एक भेकरी राहायची. भेकर म्हणजे छोटं हरीण. वाघ दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि सारं रान सावध होतं. एकदा पहाऱ्यावर असताना चांगुणा भुंकली, पण उशिरा. वाघानं तिच्या धाकट्या बहिणीला नेलं.

तेव्हापासून वाळकं पान पडलं तरी ती भुंके. चारा तोंडात धरी आणि गिळायला विसरे. बरगड्या दिसू लागल्या. अशीच राहिली तर ही जगत नाही, असं तिचा मामा म्हणाला. अर्थात घरातच, हळू आवाजात.

पाणवठ्यावर एक करकोचा बसे. डोंगरापलीकडे राहून त्यानं मनाच्या दुखण्यांचा रीतसर अभ्यास केला होता. मामानं तिला तिकडे नेलं. तिचं बोलणं संपेपर्यंत करकोचा एका पायावर उभा राहून ऐकत होता.

मग तो म्हणाला, "वाघ गवतात होता, म्हणून तुला उशिरा दिसला. हे तुझं तुला पटायला वेळ लागेल. येत राहा."

"नक्की किती वेळ?" मामानं विचारलं.

"ते आज सांगता यायचं नाही."

म्हणजे याला काही येत नाही, असं मामानं परतीच्या वाटेवर ठरवून टाकलं. खरी अडचण वेगळीच होती. पाणवठा पडला उघड्यावर. शेजारची चितळीण पाणी पिता पिता मान वर करून विचारून गेली होती, "आज भाचीला घेऊन इकडं कुठं?" घसा सुकला होता, असं मामा म्हणाला.

"चांगुणे, घरात अजून दोन लग्नाच्या पोरी आहेत," तो तिला म्हणाला. "तुझ्या पायी त्यांना घरी बसवू का?"

मग दुसऱ्या वैद्यासाठी चौकशा झाल्या. कोणाचा हात मऊ, कोणाचा आवाज गोड, कोण आपल्या नात्यातला. शिक्षणाचं तेवढं कुणी विचारलं नाही. शेवटी प्रसन्नराव तरसाचं नाव पक्कं झालं. त्याच्या गुहेला मागचं दार होतं आणि ते करवंदीच्या जाळीत उघडत होतं. यापेक्षा मोठी पदवी कोणती?

प्रसन्नराव सतत हसत. जंगलाच्या राजानं त्यांना आनंदभूषण केलं होतं. कावळ्यांनी ती बातमी सगळ्या झाडांवरून ओरडून सांगितली होती, कसलीही चौकशी न करता. कावळ्यांनाही उरलंसुरलं लागतंच.

"वाघ बाहेर नसतो, बेटा," प्रसन्नराव म्हणाले. "तो तुझ्या विचारात असतो. भुंकलीस की तो मोठा होतो. भीती वाटली की श्वास घे आणि हस."

चांगुणा मन लावून शिकली. भुंकणं थांबलं. चारा मात्र अजून गिळवत नव्हता, पण तो आवाज न करता राहून जाई, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पोरगी किती शांत झाली, असं चितळीणही म्हणाली. मामाला भरून आलं.

एका सकाळी मामा चरत असताना चांगुणाला गवतात पिवळं काहीतरी हललेलं दिसलं. या वेळी तिला उशीर झाला नव्हता. तिनं श्वास घेतला. ती हसली.

वाघानं मामाला नेलं. वाघाचं पोट भरल्यावर उरलेलं प्रसन्नरावांनी संपवलं. मग तोंड पुसून ते सांत्वनाला आले. चांगुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही हे पाहून मंडळी थक्क झाली. करवंदीच्या जाळीत दुसऱ्या दिवसापासून पाय ठेवायला जागा उरली नाही.

चांगुणा मात्र भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पाणवठ्यावर गेली आणि करकोच्यासमोर हंबरडा फोडून रडली.

अरेरे, पुन्हा बिघडली, असं सारं रान म्हणालं.

तात्पर्य: मुलांनो, मनाचा वैद्य निवडताना तो काय शिकला आणि काय खातो, असले उद्धट प्रश्न विचारू नयेत. दार कुठं उघडतं तेवढं पाहावं. घरातलं कुणी ओरडू लागलं, तर आधी त्याला गप्प करावं. वाघाचं काय, तो येऊन जाईल.