उपद्रव ठरवणार कोण?

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता बाजाराच्या ऑफिसातल्या माणसांनी रशीदाचाचींची बांगड्यांची हातगाडी बाजारातून हाकलली. शिरूर तालुक्यातल्या आमच्या या बाजारगावात माझ्या आईचा लग्नाचा चुडासुद्धा त्यांनीच भरला होता. गाडीवर कागद चिकटवला: 'उपद्रवकारक'.

तो कागद आप्पांनी खालून वर वाचला. आमचे शेजारी आप्पा सगळंच खालून वाचतात. आधी सही, मग हुद्दा, मग कलम, शेवटी मजकूर. लग्नपत्रिकासुद्धा! दौंडला एसटीत कंट्रोलर होते. "कुणाच्या अधिकारात?" हाच त्यांचा रामराम. डॉक्टरांनी त्यांच्या गोडावर नजर ठेवायला काकूंना सांगितलं, काकूंनी ते सुनेवर सोपवलं. तर आप्पा म्हणतात, "डॉक्टरनं अधिकार तुला दिला. तू तो पुढं वाटायचा न्हाई. सूनबाई, दोन लाडू आण."

शनिवारी ते मला आणि चाचींना घेऊन थेट बाजाराच्या ऑफिसात.

क्लार्क म्हणाला, "आप्पा, उपद्रव थांबवायचा अधिकार कायद्यानंच दिलाय."

"उपद्रव म्हंजी काय, ते कायद्यात कुठं हाय?"

"ते पोटनियम करून साहेब ठरवतात."

"आन् ह्या कागदावर सही तुझी?"

"साहेबांनी माझ्यावर सोपवलंय."

"मग आमदार कशाला निवडला? मत तुलाच दिलं असतं की!"

सगळे हसले. चाची हसल्या नाहीत.

आप्पांचं म्हणणं राज्यघटनेला धरूनच आहे. बारीकसारीक नियम खाली सोपवता येतात. पण कुणाची भाकरी कशासाठी काढून घ्यायची, हे विधानसभेनंच कायद्यात सांगायला हवं. ते साहेबाच्या मर्जीवर सोडलं, की कायदा संपला.

पोटनियमाचा मसुदा आधी ऑफिसच्या बोर्डावर लावतात, हरकती मागवतात. इतकी वर्षं हरकत घेणारे एकटे आप्पा. या खेपेला हातगाड्यांना उपद्रव ठरवणारा मसुदा लागला, तेव्हा काकू दौंडच्या दवाखान्यात होत्या आणि आप्पा त्यांच्या उशाशी. मुदत टळली. गावात दुसऱ्या कुणी बोर्डाकडे पाहिलं नाही. मीही नाही.

आज पुन्हा बाजार. चाचींच्या जागेवर आप्पा उन्हात पोतं टाकून बसलेत. दुसऱ्या कुणी ती बळकावू नये म्हणून.

"आप्पा, घरी चला. काकू वाट बघतायत."

"माझं बघायचं राह्यलं, पोरी. त्या बाईला कोणत्या तोंडानं भेटू?"

बघायचं काम आपण सगळ्यांनी मिळून एका म्हाताऱ्यावर टाकलं होतं. हा पोटनियम रद्द करा, असा अर्ज सोमवारी अकरा वाजता बाजाराच्या ऑफिसात द्यायचाय. कुणाला पाठवू नका. तुम्ही स्वतः या.