तीन केक आणि एक मतपेटी

मरिंडूल गावाला मत द्यायला आपण एका संध्याकाळीत शिकवू, असं लेस्टरसर छातीठोकपणे सांगत सुटले होते. मत दिलं नाही तर दंड बसतो, त्यामुळे गाव झाडून मतदानाला जायचं; पण गेल्या खेपेला दर सहावी मतपत्रिका बाद निघाली. प्रत्येक उमेदवारापुढे एक, दोन, तीन असा पसंतीचा आकडा घालायचा, तर लोकांनी नुसत्या फुल्या मारल्या होत्या. त्यातली निम्मी माणसं सरांच्याच हाताखाली शिकलेली. निवृत्त मास्तरांना हे जिव्हारी लागणारच.

म्हणून गावच्या हॉलमध्ये सरावाची निवडणूक ठरली. नुसत्या भाषणाला कुत्रंही फिरकणार नाही, तेव्हा उमेदवार म्हणून केक उभे केले. एक सरांच्या बायकोचा, ईनिडचा, स्पंज. दुसरा शेजारच्या ग्लेनिसचा, सुकामेव्याचा. दोघांत पसंतीक्रम काय शिकवणार कपाळ, म्हणून सरांनी दुकानातून एक पाकिटातला केक आणून तिसरा उभा केला.

ईनिडचं मनगट मोडल्यापासून वर्षभर तिने अंडं फेटलं नव्हतं. "हा स्पंज हरला तर पुन्हा या भानगडीत पडणार नाही," ती म्हणाली होती. सरांना पोटातून वाटत होतं की तिने जिंकावं. आणि जिंकणारच, यात त्यांना शंका नव्हती.

एक्केचाळीस माणसं आली. गॅरेजवाला डेसमंड मतपत्रिका घेऊन सरांच्या कानाशी लागला.

"सर, दोघी समोरच बसल्यात. एकीला पहिलं मत दिलं तर दुसरी मला वर्षभर बोलायची नाही."

"मतदान गुप्त असतं, डेसमंड."

"या गावात? सर, माझ्या मूळव्याधीचं मला कळायच्या आधी पोस्टात कळलं होतं."

मतमोजणी झाली. एकही मत बाद नाही. सरांचा ऊर भरून आला. स्पंज पंधरा, सुकामेवा बारा आणि पाकिटातला केक चौदा.

"चौदा?" सरांनी पुन्हा मोजले. चौदाच. दोघींशी वाकडं नको, असा विचार करणारा डेसमंड एकटा नव्हता.

निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे सगळ्यांत कमी मतांचा सुकामेवा बाद. आता त्या बारा जणांची दुसरी पसंती बघायची. पण ग्लेनिसची माणसं ग्लेनिसची. ईनिडला सरसकट शेवटचा आकडा. बाराही मतं पाकिटात गेली.

"सव्वीस विरुद्ध पंधरा," सर खोल आवाजात म्हणाले. "पाकिटातला केक विजयी."

"पण तो कुणालाच नको होता," डेसमंड म्हणाला.

"मग त्याला मत कुणी दिलं?" ग्लेनिसने विचारलं. सगळे आपापले बूट बघू लागले.

ईनिड मोजलेल्या मतपत्रिका एकेक करून आवरू लागली. सरांना तिच्याकडे बघवेना. पण चहा झाला आणि माणसं टेबलाकडे वळली, ती थेट स्पंजवर तुटून पडली. दहा मिनिटांत ताटलीत चुराही उरला नाही. ग्लेनिसनेच दोनदा घेतला. विजयी उमेदवाराला कुणी सुरीही लावली नाही. ईनिड रिकामी ताटली पुसत गालात हसली, तेव्हा कुठे सरांचा जीव भांड्यात पडला.

घरी जाताना तिने सहज विचारलं, "तुझं पहिलं मत कुणाला?"

"मतदान गुप्त असतं, ईनिड."

"चाळीस वर्षं तुझं अक्षर बघतेय मी. दोनच्या आकड्याला असली शेपटी गावात दुसरं कोण काढतं? ती शेपटी माझ्या स्पंजपुढे होती."

"मी निवडणूक अधिकारी होतो," सर पुटपुटले. "निःपक्षपाती राहायला नको?"

त्या रविवारी ईनिडने पुन्हा अंडी फेटली. झकास स्पंज झाला. तो झाकून ती ग्लेनिसकडे निघाली आणि जाताजाता सरांच्या बशीत पाकिटातल्या केकचा एक तुकडा वाढून गेली.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"तूच निवडून दिलायस ना? आता मुदत संपेपर्यंत सोस."