औताडे तात्या आणि ढिले जॉइंट

दुकानात जाऊन चांगली वस्तू परत करणारा आणि खराब वस्तू पैसे मोजून घरी आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, औताडे तात्या.

जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगापुढं उकिडवं बसायचं, मोटारीचा एखादा बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळवणारा गोळ्याचा सांधा, उचलायचा, कानाशी नेऊन गदागदा हलवायचा. आतून खडखड आली की तात्यांचा चेहरा खुलायचा. आवाज नाही आला, म्हणजे जॉइंट घट्ट आणि धडधाकट निघाला, की तोंड वाकडं करून ढिगात टाकायचे. "वापस!"

आता यात गंमत अशी, की हा माणूस चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासणीला होता. केसाएवढी ढील सापडली तरी अख्खी पेटी परत पाठवायची, हा त्यांचा लौकिक. जगात दोनच गोष्टी, 'पास' आणि 'वापस', ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. भाजीवालीची वांगी, पुतणीला सांगून आलेला नवरामुलगा, नगरसेवकाचं भाषण, सगळ्यांना तोच शिक्का. मी विमा कंपनीत कामाला, म्हणून मला ते 'विमासायब' म्हणत. मी अजून पास झालो नव्हतो, पण वापसही गेलो नव्हतो. माझी तपासणी चालू होती.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. त्या वर्षी पाणी जायकवाडीत कमी आणि बातम्यांत जास्त होतं. गाव मात्र वाढायचं थांबायला तयार नव्हतं. आज ज्वारीचं शेत, उद्या त्यात चुन्याच्या रेघा, परवा 'टू बीएचके'ची पाटी. मुकुंदवाडीच्या पलीकडची आमची वसाहत अशीच एका शेतात उगवलेली. माणसं पोचली होती, पाइपलाइन पोचायची होती. चार दिवसांनी टँकर यायचा, तोही चौकात. गल्ली खोदून ठेवलेली, म्हणून ड्रायव्हर आत शिरायचा नाही. चौकापासून घरापर्यंत ज्याचं पाणी त्यानं वाहायचं.

तात्या एकटे. काकू जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा महेश पुण्यात. तो दर फोनला विचारायचा, "बाबा, पाणी कोण भरतं तुमचं?"

"मीच. दुसरं कोण भरनार?"

फोन ठेवला की मला सांगायचे, "विमासायब, पोराचं आन् माझं ठरलंय. पानी सोताचं सोता भरतोय तवर मी हितं. ज्या दिशी नाय भरता आलं, त्या दिशी बोचकं बांधायचं आन् पुन्याला जायचं. तिथं मला कोन वळखतंय? सोफ्यावर पाव्हन्यावानी बसून ऱ्हायचं, लोक चप्पल कुठं काढायची ते सांगनार."

आणि म्हणूनच त्यांनी ती सायकल बनवायला घेतली. तीन चाकांची. पुढं दोन, मागं एक, आणि मध्ये नवारीनं विणलेली लांबलचक बैठक. तिच्यावर उताणं रेलायचं आणि पाय पुढं करून पायडल मारायचं. पाठीमागं पाण्याचे दोन कॅन. "गुडघ्यानं दावा मांडलाय, दुचाकी जमत नाय आता," हे त्यांनी दिलेलं कारण. वसाहतीनं तिचं नाव ठेवलं 'बाज'.

सांगाडा पंधरा दिवसांत उभा राहिला. अडलं ते वळवण्याच्या कामापाशी. मी स्वतःहून सल्लागार झालो. माझी तांत्रिक पात्रता एवढीच, की मी घरचा मिक्सर दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून स्वयंपाकघराच्या छतावर लसणाच्या चटणीचा नकाशा आहे.

"सरळ सायकलचं हँडल लावा," मी म्हणालो.

"छातीपुढं हात धरून बसू? वापस."

"मग जीपचं स्टिअरिंग?"

"मी काय कलेक्टर हाय? वापस."

"मग दोन दोऱ्या बांधा. बैलगाडीसारख्या."

तात्या पैठणकडच्या शेतकरी घरातले. त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "कासरा बैलाला लावत्यात, विमासायब. बैलाला अक्कल असती. चाकाला नसती."

शेवटी त्यांनीच ठरवलं. बैठकीच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक मूठ. हात खाली सोडून आरामात धरायची. मुठीला जोडलेली एक आडवी दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक बॉल जॉइंट, त्याच्या पुढं चाक. मूठ हलली की दांडी सरकणार, दांडी सरकली की चाकं वळणार. इथवर मलाही समजलं. पुढं जे सुरू झालं ते मात्र कुणालाच समजेना.

तीन आठवडे आम्ही जॉइंट शोधत होतो. भंगारवाले रफिकभाई आमच्या स्कूटरचा आवाज ऐकला की कपाळाला हात लावायचे.

"तात्या, ये देखो, एकदम नवा कोरा पीस."

"हालत नाय ह्यो."

"हिलना नक्कोच ना! हिल्या तो गाडी कू खतरा!"

"मला हालनाराच पायजे."

रफिकभाई मला बाजूला घ्यायचे. "साब, इनकू घर में कोई समझाव. मैं फेंकने कू रख्या सो माल चुन चुन के ले रैं."

बरं, मिळेल तो ढिला जॉइंट घेतला असंही नाही. फार ढिला तोही वापस. "एवढी ढील नको. ताडी पिल्यावानी जाईल." खिशातून मोजायच्या पातळ पट्ट्या काढून ते ढील मोजायचे, डोळे मिटून अंगठ्यानं जॉइंट हलवून बघायचे, पुन्हा मोजायचे. त्यांना हवी होती अशी ढील, की मूठ बोटभर हलली तरी चाक ढिम्म राहील, आणि बोटापलीकडं हलली की लगेच ऐकेल. चांगले जॉइंट जगात ढिगानं मिळतात. नेमका एवढाच बिघडलेला मिळणं फार अवघड असतं. अखेर दोन सापडले. रफिकभाईंनी त्यांचे पैसे घेतले नाहीत. "मेरे कू गुनाह लगेंगा," म्हणाले.

बाज रस्त्यावर आली तेव्हा टँकरच्या रांगेतल्या बायकांनी हंडे खाली ठेवून हसून घेतलं.

"तात्या, उशी आनू का?" शांताबाई ओरडल्या.

"आना. पन तपासून घेईन."

पण बाज चालली. हळू, सरळ, गाभण म्हशीच्या शांतपणानं. चाळीस लिटर पाणी घेऊन तात्या राजासारखे रेलून घरी यायचे. महेशला फोनवर सांगायचे, "पानी? भरलं की. पडल्या पडल्या भरलं."

माझ्या डोक्यातून मात्र ते दोन ढिले जॉइंट जाईनात. आणि अशात कळलं, की महेश रविवारी येतोय, बाबांचं कसं चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. शनिवारी तात्या एका बारशाला पैठणला गेले, एसटीनं. गेटची किल्ली आमच्याकडं. मी मनात म्हटलं, पोरासमोर म्हाताऱ्याची गाडी खडखडायला नको. दुकानातून दोन नवे कोरे जॉइंट आणले. चार तास खपलो, एक नख गमावलं, आणि सगळं इतकं घट्ट आवळलं की मुठीला नुसती फुंकर मारली तरी चाक हलावं. वंदना, म्हणजे आमची सौ., गेटातून म्हणाली, "विचारून तरी करायचं होतं." बायकांना सरप्राइज हा प्रकार कळत नाही, असं मला वाटलं.

रविवारी टँकर आणि महेश एकाच वेळी आले.

"चल, पानी आनून दाखवतो," तात्या म्हणाले आणि ऐटीत बाजेवर पसरले.

गेटाबाहेर पडताच पुढची चाकं थरथरायला लागली. आधी बारीक, मग मेंढीच्या शेपटीसारखी. बाज डावीकडं पळाली, उजवीकडं पळाली, आणि चौकातल्या भरलेल्या हंड्यांच्या रांगेत ती थेट घुसली. सहा हंडे आडवे. चार दिवसांचं पाणी चौकाच्या मातीनं एका घोटात पिऊन टाकलं.

"अहो तात्या! उशी नको, आता येसनच आनते तुमच्या बाजंला!" शांताबाईंचा आवाज पुण्यापर्यंत गेला असेल.

महेश पळत आला. बाबांना लागलं नाही, हे आधी बघितलं, मग म्हणाला, "बास झालं, बाबा. आज बॅग भरायची." आणि बायकांची माफी मागत हंडे उचलायला गेला.

तात्या खाली वाकले. त्यांनी जॉइंट अंगठ्यानं चाचपला. "ह्ये कुनी बसवलं?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो. "नवे कोरे. तसूभर हलत नाहीत!"

त्यांनी मला टँकरच्या मागं नेलं आणि आपला उजवा हात माझ्या तळहातावर ठेवला. नुसता ठेवला. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावावा, तसं मला वाटलं. हात थांबतच नव्हता.

"दीड वरीस झालं," ते म्हणाले. "डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत. ह्यो थांबत नाय. किती हालतो ते मोजलं, आन् तेवढीच ढील ठिवली व्हती गाडीत. हात हालला तरी चाकाला कळू नये म्हनून."

मी मान खाली घातली. एकतीस वर्षं लोकांचा माल मोजणाऱ्या माणसानं शेवटी पट्ट्या घेऊन स्वतःचा हात मोजला होता. मुठी बैठकीच्या खाली का, तेही आता कळलं. तिथं हात कुणाला दिसत नाही.

"जुने कुठं हायत?"

"स्कूटरच्या डिकीत."

"फेकले नाय? मंग अजून येळ गेली नाय."

मी महेशकडं गेलो आणि म्हणालो, "सगळी चूक माझी. काल मी गाडी खोलून भलतेच पार्ट बसवले. तुमच्या बाबांना पत्ताही नव्हता." तो माझ्याकडं संशयानं बघत होता. तेवढ्यात वंदना आली आणि तिनं, कुणी मागितलेली नसताना, माझ्या कर्तबगारीची अशी तपशीलवार साक्ष दिली की महेशला माझ्या बायकोची कणव आली.

जुने जॉइंट परत चढवायला अर्धा तास लागला. सांगणारे तात्या, हात माझे. मी बसवलेली एखादी वस्तू चालल्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. बाज पुन्हा चौकात गेली, सरळ. महेश चाकांवर नजर ठेवून शेजारून चालत होता. पहिले दोन्ही कॅन तात्यांनी शांताबाईंच्या हंड्यांत रिकामे केले, मग स्वतःसाठी भरले. दुपारी महेश एकटाच पुण्याला परतला.

"त्याला सांगणार नाही का?" मी विचारलं.

"सांगीन की. दिवाळीला सांगीन. पन मी सांगीन, माझ्या तोंडानं. गाडीनं चुगली केलेली नको."

त्यांनी सांगितलंही. महेशनं त्यानंतर महिन्याला एक फेरी सुरू केली. बाज आणखी दोन उन्हाळे चालली. मग पाइपलाइन आली, आणि तात्या आपल्या पायांनी, आपल्या इच्छेनं पुण्याला गेले. आता त्या चौकात सिग्नल आहे, कोपऱ्यावर सात मजली इमारत आहे, आणि कुणाला कुणाचं पाणी कुठून येतं ठाऊक नाही. मी तिथून जाताना उगाच स्कूटर हळू करतो.

पण त्या रविवारी संध्याकाळी एक झालं. चार वर्षांच्या शेजारात तात्या कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते, जे काय ते गेटातून. त्या दिवशी आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वंदनाताई, चहा टाका. अर्धा कप."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं चहा आणून दिला. तात्यांनी हात लपवला नाही. कप बशीवर वाजायला लागला, टकटकटक, सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. तात्या कपाकडं बघत होते. मी भिंतीकडं.

वंदना उठली. तिनं कपाखालची बशी हळूच काढून घेतली, आपल्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "काय हो तात्या, बारशाला पोरीचं नाव काय ठेवलं?"