पन्नास मीटरपर्यंत पहिला

अमरावतीचा मे महिना ज्याने अंगावर काढला आहे, त्यालाच माझं म्हणणं पटेल. दुपारी बारा वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात आमच्या कचेरीच्या फाटकातून एक माणूस निळा, जाडजूड, लोकरीचा कोट घालून आत यायचा. छातीवर देशाचं चिन्ह, पाठीवर घामाचं तळं आणि चेहऱ्यावर भाव असा, की आत्ता बँड वाजणार आणि कलेक्टरसाहेब हार घेऊन पुढे येणार. हा दौलत वानखडे, आंतरराष्ट्रीय धावपटू. ही पदवी तो स्वतःच सांगत असे, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं.

"दौलतभाऊ, काढा की तो कोट. उकडून मराल," मी एकदा म्हटलं.

"सरकारनं देल्ला हाय राजेहो. हा का सदरा हाय, काढून खुंटीले टांगाले?"

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझं टेबल त्याच्या टेबलाला चिकटून होतं, आणि हे माझं नशीब. मी बी.ए. झालेला, पाच वर्षं कारकून म्हणून घासत होतो. हा मॅट्रिकला दोनदा आपटलेला, खेळाडू म्हणून नोकरीत घुसला आणि माझ्या आधी हेडक्लार्क झाला. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

त्याच्या खिशात एक स्टॉपवॉच असे. शिपाई पाण्याचा पेला घेऊन निघाला की हा कळ दाबी. साहेब सही करायला लागले की कळ दाबी. मी डबा खाऊन हात धुऊन आलो की घड्याळ माझ्या नाकापुढे धरून म्हणे, "टाइम पाहा तुमचा! भाकर खाता का पोथी वाचता?" एकदा अंबागेटपाशी एका ट्रकचं टायर फुटलं. ठो झाल्याबरोबर हा माणूस माझ्या शेजारून गायब! वीस पावलं पुढे जाऊन, एका भाजीवालीच्या टोपल्यांना वळसा घालून थांबला आणि मागे वळून म्हणतो कसा, "पाह्यला का इस्टार्ट?" लोक हसत होते आणि मी, ह्याची माझी ओळखच नाही असा चेहरा करून, पाटीवरचं दुकानाचं नाव वाचत होतो.

बरं, कारकीर्द तरी केवढी? हिवरखेडचं पोर, अकोल्याला शिकायला आलं, तिथल्या एका मास्तरांनी त्याला पळताना पाहिलं. मग जिल्हा, मग नागपूर, मग शिबिर, मग परदेशात एक शर्यत. एक! शंभर मीटरची. पुढच्याच वर्षी मांडीचा स्नायू फाटला आणि दुकान बंद. म्हणजे अकरा-बारा सेकंदांचा सगळा मामला, आणि त्यावर हा बाबा आठ वर्षं बोलत होता.

ती गोष्ट मला पाठ आहे. ठरलेली जागा, ठरलेले शब्द. "तिकडं फारीनले गेलो. लाल माती. बाकीचे सारे लोखंडी ठोकयावर पाय ठेवून उभे. म्या म्हटलं, आपलं नाई जमत हे. मायचं खुरपं काढलं. दोन खड्डे खनले, एक पुढं, एक मांगं. पाय रोवले. बंदूक वाजली, ठो! पयल्या पावलाले पुढं. दहा मीटर, पुढं. तीस मीटर, पुढं. पन्नास मीटरपर्यंत मीच पयला!"

आणि थांबायचा. पन्नास मीटरवर गोष्ट संपली! कधी चहा येई, कधी साहेबांची घंटा वाजे, काहीच नाही आलं तर ह्याला खोकला येई.

"मग पुढे?" मी मुद्दाम विचारायचो. "शर्यत शंभरची होती ना? उरलेले पन्नास मीटर काय सुट्टी होती?"

"तुमाले धावन्यातलं काई समजत नाई," असं म्हणून तो फायलीत तोंड खुपसायचा.

मला तर ह्या उरलेल्या पन्नास मीटरांचं वेडच लागलं. कचेरीच्या कामाने अकोल्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्या मास्तरांचं घर शोधून काढलं. ते त्या वेळी त्याच्याबरोबर परदेशी गेले होते. म्हातारे भले गृहस्थ, मनात काही ठेवत नव्हते.

"सहा जण पळाले, हा सहावा आला," ते म्हणाले. "पन्नासपर्यंत पुढे होता, ते मात्र खरं."

"आणि ते खुरपं?"

मास्तर ओशाळले. "मीच त्याला म्हटलं, ते गावठी अवजार पेटीतून बाहेर काढू नको, लोक हसतील. इथे आम्ही खड्डे खणूनच पळवायचो पोरांना. स्टार्टच्या त्या लोखंडी ठोकळ्यांची सवय महिनाभराचीच. गडी निमूट ठोकळ्यांवर उभा राहिला."

खोटारडा! खुरपं बाहेर निघालंच नाही, आणि आठ वर्षं खड्डे खणतोय! परतीच्या गाडीत मी एवढा खूश होतो, की शेजारच्याला विडी दिली.

संधी हिवाळ्यात आली. दौलतने मला हुरडा खायला हिवरखेडला बोलावलं. त्याची माय, गयाबाई, ज्या शेतात निंदायला जायची त्या शेताच्या मालकांनी बोलावणं दिलं होतं. मी मनाशी पक्कं ठरवलं: ह्याच्या मायसमोर, गावासमोर ह्याला गोष्टीतले उरलेले पन्नास मीटर पळायला लावायचं. हेडक्लार्क झाला ना? होऊ दे तमाशा.

घर म्हणजे दोन खोल्या, सारवलेल्या, भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि शेजारी कोटातल्या दौलतचा फोटो. तो गोवऱ्या आणि चटणीच्या सोयीला शेतावर पुढे गेला. मी आणि गयाबाई ओट्यावर. म्हातारी वाळून काटकी झाली होती, पण नजर अशी की समोरच्याचं सगळं ओळखेल.

"खुरप्याची गोष्ट सांगते का तो तिकडं हापिसात?" तिने विचारलं.

"रोज!" मी म्हटलं. माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, मायपासूनच सुरुवात करावी. "मावशी, खरं सांगू का? ते खुरपं..."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

ती आत गेली आणि एक फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवली.

"हे त्याले नेऊ देल्लं तवा ऐन निंदनाचे दिवस होते. एकच खुरपं होतं माह्यापाशी. म्या म्हटलं, ने बाप्पा, मी उसनं मागतो. मोडक्या खुरप्यानं निंदलं त्या साली, हाताले फोड आले. आला तवा मले म्हने, माय, तुह्या खुरप्यानंच खड्डे खनले वं, म्हनून पन्नासपर्यंत पयला होतो. अन् हे हाती देल्लं." तिने गाठीवर बोट ठेवलं. "गाठ माहीच होती. म्या मारली तशीच. त्यानं सोडलीच नाई. मंग म्याबी नाई सोडली, दुसरं खुरपं घेतलं."

मी गाठ चाचपून पाहिली. आठ वर्षांनीही ती तशीच होती, घट्ट, पीळ दिलेली.

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"काहून इचारू? माह्या हाताचे फोड पाहून खोटं बोललं लेकरू. दर खेपेले येते अन् तेच सांगते. पन्नासपाशी थांबते. त्याच्या पुढचं खोटं त्याले बोलता येत नाई." तिने पुरचुंडी उचलली. "मले मालूम हाय हे त्याले सांगू नोका. लय जिवाले लावून घेईन."

तेवढ्यात दौलत दारात उभा. घामाघूम, कोटावर राख. "चाला ना राजेहो! कनसं जळून राहिले. काय टाइम लावता!" आणि खिशातून घड्याळ काढलं. मी उठलो. वाटेत त्याने पाच-सहा गाववाल्यांना थांबवून माझी ओळख करून दिली, "हे बी.ए. हायत. लय हुशार." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेतात गरम हुरडा खाताना गोष्ट सुरू झाली, पन्नास मीटरवर थांबली, आणि मी पाण्याचा गडू मागितला.

नंतर कचेरीत एक नवीन कारकून आला, पुण्याकडचा, चौकस. दौलतने त्याला पहिल्याच दिवशी गाठलं. लाल माती झाली, खड्डे झाले, बंदूक वाजली.

"पन्नास मीटरपर्यंत मीच पयला!"

"बरं, मग पुढे काय झालं?" नव्या कारकुनाने विचारलं.

दौलतने दाराकडे पाहिलं. चहा आला नव्हता. घंटाही वाजली नव्हती. त्याने खोकायला तोंड उघडलं.

"अहो, चला!" मी खुर्ची मागे ढकलून ओरडलो. "साहेबांनी बोलावलंय दोघांना, केव्हाचं!"

साहेब त्या दिवशी रजेवर होते. दौलतला ते माहीत होतं. रजेचा अर्ज त्यानेच लावला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि तो माझ्यामागून बाहेर आला. व्हरांड्यात आम्ही दोघं दहा मिनिटं साहेबांच्या रिकाम्या खोलीसमोर उभे राहिलो. त्याने घड्याळ काढलं नाही.