दत्तूभाऊंच्या घुगऱ्या

माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, आणि ऱ्हस्वदीर्घ चौथीतच सुटलं. तेवढं पोटात घाला. पण पाणी चावून पिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, म्हणून लिहिते.

सुरतेला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत दत्तूभाऊ राहत. पोस्टात कारकून, पन्नाशीचे, बिनलग्नाचे. आवारातल्या हातपंपाचं पाणी ते तोंडात घोळवून, चावून पीत आणि म्हणत, "पाण्याला वजन पाहिजे." त्या पाण्याने आमच्या हंड्यांना पांढरी खपली धरायची, साबणाला फेस यायचा नाही. पण नळाला येणाऱ्या तापीच्या पाण्याला ते पुचाट म्हणत.

दुसरं वेड बारशांचं. कुणाचंही बारसं असो, दत्तूभाऊ हजर. घुगऱ्यांचा द्रोण घेताना म्हणायचे, "लिहून ठेवा, उसन्या खातोय." समोरच्या मंछाकाकी विचारत, "पण दत्तूभाई, उधारी चुकवशो क्यारे?" म्हणजे, फेडणार कधी? बायका पदर तोंडाला लावून हसत. दत्तूभाऊही हसत.

तिसरं वेड मासे. खिडकीत काचेची पेटी, तिच्यात एंजल माशांची जोडी, चंद्रकोरीसारखी. मादीने पाटीच्या तुकड्यावर अंडी घातली की दत्तूभाऊ रजा टाकत. पण तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडत. दोनदा पडली. ताकद यावी म्हणून त्यांनी पंपाचं ताजं पाणी ओतलं, तरी पडली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भिंतीपलीकडून स्टोव्हचा आवाजच आला नाही.

मी कुणाशी आपणहून बोलणारी नाही. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पंपावर बादली भरताना दिसले आणि तोंडून निघून गेलं, "त्या पाण्यात हरभरा शिजत नाही, दत्तूभाऊ."

"म्हणजे?"

"दिवसभर चुलीवर ठेवा, टणकच राहतो. घुगऱ्या आम्ही नळाच्या पाण्यात करतो. अंड्यांचंही तसंच होत असेल."

"हे कुठल्या इयत्तेत शिकवतात, वहिनी?"

"चुलीपुढच्या."

मग रोज माझ्या वाट्यातली नळाच्या पाण्याची एक कळशी त्यांच्याकडे. औषधाचा वास जाईपर्यंत ती दिवसभर उघडी ठेवायची, मग पेटीतलं थोडं पाणी काढून तेवढंच ओतायचं. मासे बिचकू नयेत म्हणून हळूहळू. तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी. पहिला दिवस स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर धाडधाड थापा. मी कणकेच्या हातांनी धावले. पाटीवर केसाएवढ्या शेपट्या वळवळत होत्या! आनंदाच्या भरात मी काचेला कणीक फासली.

बाराव्या दिवशी दत्तूभाऊ घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारोदार फिरले. घुगऱ्या अशा मऊ, की बोटाने चिरडाव्यात. प्रत्येक दारात एकेका मुलाचं नाव घेऊन द्रोण भरत होते. "ही सुमनची. ही बाबूची." वीस वर्षांतलं एकही बारसं विसरले नव्हते. मंछाकाकींनी द्रोण दोन्ही हातांनी घेतला.

शेवटचा द्रोण माझ्या शशीचा. तो देऊन ते रिकामं पातेलं मांडीवर घेऊन आमच्या पायरीवर बसले.

"फिटल्या सगळ्यांच्या, वहिनी," ते म्हणाले. "आता कुणी विचारायचं नाही."