माशाच्या सुपातलं दूध

कुमुदताईंनी शिवांगीच्या घरी नकार कळवला तेव्हा त्यांच्या पुढ्यात माशाचं सूप होतं. सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या बाजारातलं, वाफाळतं, पांढरंशुभ्र सूप. डाव्या हातानं त्यांनी फोन कानाला लावला होता आणि उजव्या हातातल्या चमच्यानं त्या माशाचा मोठा तुकडा शोधत होत्या.

"मुलगी लाखात एक आहे हो तुमची," त्या नाशिकला शिवांगीच्या आईला सांगत होत्या. "पण काय करणार, पत्रिका जुळत नाही. आमच्या मनात फार होतं."

आता पत्रिका पाहिली होती कुणी? शिवांगीची जन्मवेळसुद्धा कुमुदताईंना ठाऊक नव्हती. त्यांचा निमिष इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आणि शिवांगी नोव्हेनाच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. दोघांनी आपापसांत लग्न ठरवून टाकलं होतं. घरच्यांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं, आणि त्यासाठीच कुमुदताई आणि शशिकांतराव ठाण्याहून येऊन मुलाच्या फ्लॅटवर राहिले होते.

शिवांगी एकदा जेवायला आली. कुमुदताईंचा हात दुखतो हे कळल्यावर तिनं पर्समधून औषधी पट्ट्यांचं पाकीट काढून दिलं, एक पट्टी स्वतः कोपराखाली चिकटवून दिली. मग "काकू, पोळ्या मी लाटते," म्हणत तिनं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, आणि तिच्या मनगटावरचा टिकलीएवढा पांढरा डाग कुमुदताईंना दिसला. जेवणं झाली, आइस्क्रीम झालं, हसणंखिदळणं झालं. लग्न मात्र ओट्यापाशीच मोडलं होतं.

"कोड आहे रे तिला!" ती गेल्यावर कुमुदताई म्हणाल्या.

"हो, मला सांगितलंय तिनं. आई, त्यानं काही होत नसतं."

"मला शिकवू नकोस. लहानपणी दूध आणि मासे एकत्र खाल्ले असणार पोरीनं. आईचं लक्ष नको?"

"अगं, असं काही नसतं. शास्त्रीयदृष्ट्या..."

"मग आपल्या घरात कुणाला का नाही? सांग ना! कारण माशाच्या दिवशी मी दुधाचं पातेलं फ्रीजबाहेर काढू दिलं नाही. कळलं?"

या युक्तिवादापुढे निमिषच्या डॉक्टरेटचं काही चालेना. गंमत अशी, की त्याचं सगळं संशोधन त्वचेच्या पेशींवरच होतं. परदेशातल्या परिषदांत सुटाबुटात उभा राहून तो त्यावर तास तास बोलायचा. आईपुढे मात्र तो म्हणाला, "बरं, आपण नंतर बोलू." नंतर ही निमिषची फार आवडती वेळ होती. शशिकांतरावांनी मोबाइलमधून मान वर न काढता "तुम्ही म्हणाल ते," असं सांगितलं. झालं, एका मुलीचा निकाल लागला. पट्ट्या मात्र कुणी परत केल्या नाहीत. गुण येत होता ना!

सिंगापुरात कुमुदताईंना मनापासून आवडलेली एकच गोष्ट म्हणजे ते सूप. रोज सकाळी हाताला पट्टी चिकटवून त्या उन्हातून भरपूर पायपीट करायच्या आणि शेवटी त्या दुकानापाशी थांबायच्या. सोबत असायची मधुवंती. मधुवंती निमिषच्याच इमारतीत खूप वर्षं राहत होती, आणि कुठल्या मराठी घरात काय शिजतंय हे तिला त्या घराच्याही आधी कळायचं.

"नारळाचा रस आहे हा," कुमुदताईंनी पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं. "अलिबागचं माहेर माझं. मला नारळ ओळखायला शिकवू नये कुणी."

मधुवंतीनं शिकवलं नाही. ती नुसती कॉफी प्यायची आणि बघत बसायची.

पुढे कधीतरी कुमुदताईंच्या मनात आलं, की परत जाण्याआधी या सुपाची कृती शिकून घ्यावी. "मधुवंती, विचार ना तिला. ताजा नारळ खवते की डब्यातला रस घालते?"

मधुवंतीनं इंग्रजीत विचारलं. दुकानवाली खो-खो हसली. "नो कोकोनट, आंटी! मिल्क लाह, मिल्क!" तिनं खालून डबा काढून दाखवला. डब्यावर गाय होती, चांगली काळीपांढरी, ठिपक्याठिपक्यांची. "एव्हरी डे यू ईट! व्हेरी गुड फॉर स्किन!"

कुमुदताईंच्या हातातला चमचा सुपात बुडाला.

"मधुवंती! तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! आम्ही म्हणून तर कधी घेत नाही हे. मला वाटलं, तुम्हाला चालतं."

"रोज माझ्यासमोर बसून बघत होतीस ना गं?"

"तुम्ही इतक्या आवडीनं खात होतात कुमुदताई, म्हटलं उगाच कशाला मोडता घालायचा."

त्या दिवसापासून घरात दूध बंद, मासे बंद, दही-ताक बंद. कुमुदताई काळा चहा पिऊ लागल्या आणि ट्यूबलाइटखाली हात उलटसुलट करून बघू लागल्या. कुणी सांगितलं म्हणून अंगाला हळद फासू लागल्या. हळद लावण्यासाठी एका सकाळी त्यांनी हातावरची पट्टी काढली आणि एरवीसारखी लगेच दुसरी न चिकटवता खाली पाहिलं मात्र, त्यांच्या किंकाळीनं शशिकांतराव अर्धी दाढी करून बाहेर आले.

"अहो, आलं! मला आलं हो!"

कोपराखाली खरोखरच एक पांढरा डाग होता. शशिकांतरावांनी तो पाहिला, पण जरा लांबूनच. "आहे खरं," ते म्हणाले. दुपारी त्यांचा टॉवेल दुसऱ्या खुंटीवर गेला. संध्याकाळी त्यांचं पाणी प्यायचं भांडं वेगळ्या फळीवर दिसलं.

"हे काय चाललंय तुमचं?" कुमुदताईंनी विचारलं.

"लागत नाही म्हणतात, मला माहितीय," शशिकांतराव म्हणाले. "पण काळजी घेतलेली काय वाईट? तूच नाही का म्हणाली होतीस, त्या मुलीनं लाटलेल्यातल्या उरलेल्या पोळ्या टाकून द्या म्हणून?"

कुमुदताई बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या. ज्या माणसाचं उष्टं त्या जन्मभर खात आल्या, त्यानं आपलं भांडं बाजूला काढावं, हे त्यांना फार लागलं. त्या वेळी त्यांना शिवांगी आठवली का? आठवली. पण 'तिला सवय असेल,' एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्या पुन्हा स्वतःसाठी रडू लागल्या.

निमिषनं लॅपटॉपवरून नजर काढून डागाकडे पाहिलं. "आई, मला नाही वाटत हे कोड आहे," तो म्हणाला. पण आईचे डोळे वटारलेले दिसताच त्यानं घाईघाईनं पुढचं वाक्य जोडलं, "पण तू म्हणतेस तर डॉक्टरांना दाखवू." दाखवायच्या दिवशी त्याचा प्रयोग चालू असल्यानं नोव्हेनाला डॉक्टरांकडे सोबत कोण गेलं असेल? मधुवंती!

आत त्वचेच्या डॉक्टरीणबाई भिंगातून कुमुदताईंचा हात बघत होत्या. बाहेर मधुवंती मराठी बायकांच्या ग्रुपवर लिहीत होती, 'आपल्या कुमुदताईंसाठी प्रार्थना करा गं. कोड आलंय. माशात दूध.'

"तुम्ही इथं काही चिकटवता का?" डॉक्टरीणबाईंनी आत विचारलं.

"हो, दुखण्याची पट्टी. रोज."

"मग बघा. हा डाग चौकोनी आहे. कोपरे दिसतायत? उन्हानं तुमचा सगळा हात रापला, पट्टीखाली तेवढा मूळ रंग राहिला."

"म्हणजे कोड नाही?"

"नाही."

"पण मी रोज दूध आणि मासे..."

"तेच सूप ना? मीही खाते. त्यानं काही होत नाही. आणि कोड असतं, तरी ते कुणाला लागत नाही. घाबरण्यासारखं काही नसतं त्यात."

यातलं 'नाही' एवढंच कुमुदताईंनी ऐकलं आणि त्या तरंगत बाहेर आल्या. "काही नाही गं मला!"

"अय्या, हो? छान झालं," मधुवंती जराशी हिरमुसून म्हणाली. तिनं ग्रुपवर लगेच तसं कळवलंही. पण त्या दुसऱ्या निरोपावर कुणाचा विश्वास बसेना. असं आलेलं कोण कबूल करतं? नाहीच म्हणून सांगावं लागतं बिचारीला, असं सगळ्यांचं मत पडलं.

हे मत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या किमयाचं स्थळ कुमुदताईंनी निमिषसाठी हेरून ठेवलं होतं, पाहण्याचा कार्यक्रमही ठरत आला होता. किमयाच्या आईचा फोन आला.

"मुलगा लाखात एक आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "पण काय करणार, पत्रिका जुळत नाही."

"अहो, पण आम्ही पत्रिका अजून पाठवलीच नाहीये!"

"हो का?" किमयाची आई म्हणाली. "तरीसुद्धा."

त्यानंतर आणखी स्थळं आली नि गेली, आणि प्रत्येकाची पत्रिका आपोआप बिघडत गेली. कुमुदताईंच्या संतापाला पारावार राहिला नाही. "अडाणी आहेत मेले सगळे! दूध-माशानं कोड येतं म्हणे! कुठल्या जमान्यात राहतात ही माणसं?" हे त्या शशिकांतरावांना सुनावत होत्या आणि शशिकांतराव आपल्या वेगळ्या भांड्यातून पाणी पीत ऐकत होते. टॉवेलही अजून दुसऱ्याच खुंटीवर होता.

शेवटी कुमुदताईंनी मोठं मन केलं. शिवांगी का नको? मुलगी तशी गुणी आहे. शिवाय आपणहून बोलावल्यावर ती कशाला नाही म्हणेल? तिला दुसरीकडे कोण विचारणार आहे?

"तू बोलतोस का तिच्याशी?" त्यांनी निमिषला विचारलं.

"तूच बोल ना आई," निमिष म्हणाला. "मी नंतर बोलेन."

शिवांगी ड्युटी संपवून हॉकर सेंटरला आली. तिनं सूप घेतलं. कुमुदताईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अगं, त्यात दूध असतं!"

"माहितीय, काकू. मला आवडतं."

कुमुदताईंनी मग सगळं सांगितलं. पट्टी, डॉक्टर, लोकांचा अडाणीपणा. "झालं गेलं विसरून जा," त्या म्हणाल्या. "आमचा गैरसमज होता. आता तो दूर झालाय. आमच्याकडून होकार आहे."

शिवांगीनं चमचा खाली ठेवला. "माझी आई अजून ज्योतिष्यांकडे फिरतेय, काकू. कुठला ग्रह आडवा आला म्हणून. दोन शांती करून झाल्या तिच्या. मला तुमचा राग आहे, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला माहीत नव्हतं. निमिषला माहीत होतं. हा डाग कसा येतो, कसा लागत नाही, हे मला कागदावर चित्र काढून त्यानंच समजावलं होतं. आणि तुमच्यासमोर तो गप्प बसला."

"स्वभाव आहे गं त्याचा. भिडस्त आहे."

"असेल. डागाबरोबर मी जन्म काढू शकते, काकू. त्याच्याबरोबर नाही." तिनं सूप संपवलं, पर्स उचलली आणि जाता जाता कुमुदताईंच्या हाताकडे पाहिलं. "उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचं घाला. आणि पट्ट्या संपल्या असतील तर सांगा, पाठवून देते."

कुमुदताईंनी निमिषसाठी एक सूप बांधून घेतलं आणि घरी आल्या.

दार निमिषनंच उघडलं. "काय म्हणाली?"

कुमुदताईंनी मुलाकडे पाहिलं. एवढा शिकलेला, एवढा उंच, चष्म्याआडून घाबरून बघणारा. खरं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही.

"पत्रिका जुळत नाही म्हणाली," त्या म्हणाल्या.

निमिषच्या चेहऱ्यावर मोकळेपणा आला.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, तसंच काहीतरी असणार." आणि तो सूप ओतायला वाटी शोधू लागला.