पेट्रोलच्या नळीवरचे बारा चिमटे

एलॉय आर्चुलेतानं त्या बुधवारी फक्त गाडीचं बॉनेट आतून पुसायचं ठरवलं होतं. तेवढं एकच काम. (पुढं जे झालं त्याला तो स्वतः 'घटनाक्रम' म्हणतो. त्याची बहीण बेनिता त्याला 'एलॉयनं पुसलं तेव्हा' एवढंच म्हणते आणि सगळ्या गावाला कळतं.)

गाडी त्याच्या वडिलांची, बेलार्मिनो आर्चुलेता यांची. १९५४ सालची, काळीभोर, लांबलचक, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली. शेजारच्या गावातल्या एका विधवा बाईंकडून त्यांनी ती घेतली, म्हणून तिचं नाव 'ला व्युदा', म्हणजे विधवा. नवरा धडधाकट असताना दर रविवारी 'विधवे'त बसून चर्चला जाणारी एस्पान्योला गावातली मी एकटीच बाई, असं एलॉयची आई एउफेमिया सव्वीस वर्षं सांगत आली आहे.

गाडीचं इंजिन एका मॉडेलचं, ब्रेक दुसऱ्याचे, आणि डिकीतले पंप विमानाच्या भंगारातले. बटण दाबलं की पुढची चाकं उचलून गाडी बेडकासारखी उडी मारायची. हे सगळं अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली जुळवलेलं. एलॉयला याचा मनापासून अभिमान होता. बॉस्टनला आठ वर्षं इंजिनिअरिंग शिकून, हातातली नोकरी नाकारून, तो न्यू मेक्सिकोत परत आला होता तो याचसाठी. ज्या शाळेत शिकला तिथंच आता विज्ञान शिकवत होता. गावोगावच्या अंगणांतली ही विद्या लिहून काढायची, असा त्याचा संकल्प होता. "आपल्या लोकांना आपल्याच अंगणातलं विज्ञान दिसत नाही," हे तो जेवताना इतक्यांदा म्हणायचा, की 'आपल्या लोकांना' एवढं कानावर आलं की आई त्याच्या पुढ्यात घेवड्याचं भांडं सरकवायची.

त्या आठवड्यात वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्बुकर्कीला आपल्या बहिणीकडं गेले होते. शनिवारी जत्रेतली गाड्यांची फेरी होती (एलॉय बॉस्टनला असताना सुरू झालेली, त्यानं कधी न पाहिलेली) आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस गाडी चालवायला मनाई केली होती. जाताना ते दोन्ही मुलांसमोर म्हणाले की यंदा फेरीत एलॉय चालवील, आणि फेरी झाली की ला व्युदाची किल्ली ते ज्याच्या हातात शोभेल त्याच्या हातात देतील. आता डोळे थकले होते, म्हणजे कायमची.

एलॉयला त्या रात्री झोप लागली नाही. आठ वर्षं बाहेर राहून आलेल्या माणसाशी गाव फार चांगलं वागतं, आणि तेच त्याला खुपत होतं. त्याला सगळे खुर्ची देत. पाहुण्याला देतात तशी. ज्याच्या खिशात बापाच्या गाडीची किल्ली आहे त्याला कोणी खुर्ची देत नाही. त्याला हाक मारून पाना धरायला सांगतात. बेनिता ब्यूटी पार्लर चालवायची आणि त्या आठ वर्षांत वडिलांच्या हाताशी टॉर्च धरून तीच उभी राहिली होती.

तर बुधवारी त्यानं बॉनेट उघडलं, आणि पेट्रोलच्या नळीवर त्याला कपडे वाळत घालायचे बारा लाकडी चिमटे दिसले. ओळीनं, दोरीवर चिमण्या बसाव्यात तसे.

ते कशासाठी, हे त्याला ठाऊक होतं. भर उन्हात मुंगीच्या पावलानं गाडी चालली की इंजिनच्या आचेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. लाकडाचे चिमटे ती आच ओढून घेतात, अशी जुन्या लोकांची समजूत. एलॉयनं वही काढून गणित मांडलं. फायदा जवळजवळ काहीच नाही. मग त्यानं पूर्ण गाडी तपासली, आणि ज्या वस्तूचा उपयोग एका वाक्यात सांगता येत नाही ती काढायची, असा नियम केला. आरशाला टांगलेली जपमाळ राहू दिली, कारण ती संस्कृती. चिमटे काढले, कारण ते अज्ञान. वहीत लिहिलं, 'चिमटे, नग बारा. उपयोग शून्य.' नळीला चकचकीत उष्णतारोधक पट्टी गुंडाळली.

बेनितानं दारातून पाहिलं आणि विचारलं, "बाबांना विचारलंस?"

"विचारण्यासारखं काय आहे त्यात?"

"बरं," ती म्हणाली आणि गेली. (तिचं ते 'बरं' त्याला पुढं बरेच दिवस ऐकू येत राहिलं.)

घरात फक्त आई त्याच्या बाजूची होती. तिचे प्लास्टिकचे चिमटे तिथल्या उन्हानं दर उन्हाळ्यात तडकून जात, आणि लाकडी आणले की नवरा पळवी. बारा चिमटे एकदम परत मिळाल्यावर ती एलॉयच्या कपाळाची पापी घेऊन म्हणाली की शिक्षणाचा उपयोग होतो तो असा. शनिवारी सकाळी तिनं घरातल्या सगळ्या चादरी धुऊन दोरीवर घातल्या. मग बडीशेपेची बिस्किटं भाजायला बसली. एक ट्रे, दोन ट्रे, पाच ट्रे.

"आई, गाडीत आपण चौघं. एवढी कोण खाणार?"

"लागतात," आई म्हणाली.

दुपारी फेरी निघाली. चाळीस गाड्या, जांभळ्या, सोनेरी, केशरी, एकामागून एक, माणूस चालत पुढं जाईल इतक्या हळू. सगळ्यांत पुढं ला व्युदा. आल्बुकर्कीहून परतलेले वडील काळा चष्मा लावून एलॉयच्या शेजारी बसले होते, आई आणि बेनिता मागं, मध्ये बिस्किटांचे डबे. फेरीचा नियम एकच: ओळ मोडायची नाही. एक थांबला की सगळे थांबणार, कोणी कोणाला ओलांडून जाणार नाही. एलॉयनं दोनदा बटण दाबून गाडीला उडी मारायला लावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण परत आलो.

पुलाच्या चढावर ला व्युदानं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि ती बंद पडली.

मागं एकोणचाळीस गाड्या थांबल्या. एलॉयनं किल्ली फिरवली. परत फिरवली. मग उडी मारून बॉनेट उघडलं. वडील आतून म्हणाले, "थांब जरा." पण त्याच्या कानात आपलं गणित घुमत होतं. त्यानं वायरी ओढून पाहिल्या. नवीन पट्टी सोडून परत गुंडाळली. शेवटी कार्बोरेटर उघडायचं ठरवून वरच्या हवेच्या डब्याच्या झाकणाचा नट काढला, तो घामेजल्या बोटांतून निसटला, चढावरून टणटण उड्या मारत गेला आणि सगळ्या फेरीच्या डोळ्यांदेखत गटाराच्या जाळीत पडला.

तोवर मागचे लोक उतरून भोवती जमले होते. कोणी ओरडलं नाही, कोणी घाई केली नाही, आणि त्याचंच एलॉयला आश्चर्य वाटलं. आई डबे उघडून बिस्किटं वाटत होती. सोनेरी गाडीवाले म्हातारे फिदेल आपली घडीची खुर्ची घेऊन आले, ती उघडून पुलाच्या सावलीत ठेवली आणि एलॉयला म्हणाले, "बस बाळा."

परत खुर्ची.

वडील हळूहळू उतरले. बॉनेटखाली हात घालून त्यांनी नळी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि विचारलं, "माझे चिमटे कुठायत?"

एलॉयनं सांगितलं. गणितासकट.

बेनिता एकाची पिकअप मागून घरी गेली आणि वीस मिनिटांत परत आली. तिच्या स्कर्टच्या ओच्यात बारा चिमटे होते. वडिलांनी एकेक चिमटा रुमालानं पुसला, उघडून मिटून पाहिला, नळीवर लावला, मनासारखा बसला नाही तर काढून परत लावला. बारावा बसल्यावर एलॉयकडून किल्ली मागून घेतली, ती बेनिताला दिली आणि म्हणाले, "बघ आता." गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. लोकांनी बिस्किटं संपवली, खुर्च्या मिटल्या, आणि ओळ पुढं निघाली. एलॉय मागं बसला, आईशेजारी, रिकामे डबे मांडीवर घेऊन. बिननटाचं झाकण चर्चच्या चौकापर्यंत खडखडत राहिलं. चौकात बेनितानं किल्ली परत द्यायला हात पुढं केला, तेव्हा वडिलांनी तिची मूठ मिटली.

घरी आल्यावर एलॉय वडिलांजवळ गेला. त्याला वाईट किल्लीचं वाटत होतं, पण तोंडातून गणितच निघालं. "बाबा, ते चिमट्यांनी झालं नाही. तेवढ्या वेळात इंजिन थंड झालं, म्हणून सुरू झालं."

"मग?" वडील म्हणाले. "तीस वर्षं मी डोंगरावरच्या प्रयोगशाळेत नळ्या जोडल्या. तुझ्यापेक्षा मोठ्या इंजिनिअरांच्या. वाफ मला माहीत नाही का? दरवर्षी गाडी त्याच चढावर बंद पडते."

एलॉयला बिस्किटांचे पाच ट्रे आठवले. "मग चिमटे कशाला?"

"गाडी बंद पडली की मी ते काढतो, पुसतो, परत लावतो. अर्धा तास जातो. रिकाम्या हाताचा माणूस अर्धा तास थांबत नाही रे. तो कार्बोरेटर उघडतो."

एलॉयच्या आता लक्षात आलं. आपण आठ वर्षं शिकलो ते यंत्र दुरुस्त करायला, आणि हा माणूस माणसाला यंत्रापासून दूर ठेवायची युक्ती बारा लाकडी चिमट्यांत बसवून मोकळा झाला होता. हीच तर ती विद्या, जी लिहायला आपण इतक्या लांबून आलो होतो. तिच्यापुढं आपण 'शून्य' लिहिलं, आणि तेही नीट अक्षरात. "मला सांगितलं का नाहीत?" त्यानं विचारलं.

"तू विचारलंस कुठं?"

मागच्या अंगणातून आईची हाक आली. बेनितानं घाईत चिमटे ओढून काढले होते आणि सगळ्या चादरी मातीत पडल्या होत्या. त्यातल्या एकीवर शेजारचं कुत्रं अंग टाकून निजलं होतं. शिक्षणाच्या उपयोगाबद्दलचं आपलं मत आईनं तिथल्या तिथं बदललं. एलॉयनं चादरी परत धुतल्या. तारेच्या कुंपणावर चार पसरल्या. पाचवी, सर्वांत मोठी, दोरीवर घालावी लागली. वारा सुटला होता आणि चिमटे सगळे ला व्युदाच्या नळीवर होते. तेव्हा तो दोन्ही हात पसरून चादरीची दोन टोकं दोरीशी धरून उभा राहिला.

बेनिता बोटावर किल्ली फिरवत बाहेर आली. "किती वेळ?"

"अर्धा तास," एलॉय म्हणाला.

जर्दाळूच्या झाडाखालून वडील काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं पाहत होते, आणि पहिल्यांदाच कोणी त्याला खुर्ची दिली नव्हती. वही त्याच्या मागच्या खिशात होती. 'उपयोग शून्य' खोडून तिथं काय लिहायचं हेही त्याला आता नेमकं सुचलं होतं, पण हात मोकळे नव्हते.